पंचवीसचे अठरा झाले, तेव्हा फाईल हलली

कोरेगाव तालुक्यातलं आमचं जुनं दुमजली घर वृद्धाश्रमाला द्यायचं ठरलं. ट्रस्टची धर्मादायची नोंदणी साताऱ्यात नोटीस-चौकशीसकट झाली, ग्रामपंचायतीचा ठरावही मिळाला. अडलं ते एका आकड्यावर.

अर्जात 'प्रवेश क्षमता' असा रकाना होता. मी बेधडक 25 लिहिले, कारण केंद्राच्या अनुदान योजनेत 25 ज्येष्ठांचा आश्रम बसतो. आमच्याच ट्रस्टच्या ठरावात मात्र 20 होते, आणि नकाशावर घर नुसतं 'निवासी'. टेबलावरच्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. "काका, यातलं खरं कुठलं?"

फाईल परत. सगळीकडे 20 करून नेलं, तर "नकाशात खाटा दाखवा." खाटा दाखवल्या, तर "अग्निशमनचं काय?" अहो, पहिल्याच दिवशी सगळं सांगायला काय झालं होतं! दर खेपेला एसटीने जायचं, 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकायचं आणि पोवई नाक्यावर चहा पिऊन परत. चार महिने. एकदा चिडून म्हणालो, "ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात जिल्ह्याला किमान 150 निराधारांच्या आश्रमाची तरतूद आहे, सरकारसाठी. इथे आम्ही घरचं घर देतोय तर..." बाई शांतपणे म्हणाल्या, "मग त्यांच्यासाठी तरी जिना नीट करा."

(आवक क्रमांक आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझी एक फाईल 'आलीच नव्हती'.)

शेवटी आर्किटेक्टला घरी आणलं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत वृद्धाश्रम संस्थात्मक इमारतीत धरतात, हे त्याच्याकडून कळलं. त्याने जिना बघितला, खाटांमधून वॉकर फिरवून बघितला आणि माडीवरच्या सगळ्या खाटा खोडल्या. उरल्या 18. राग आला, पण माझ्याच आईला त्या जिन्यावरून रात्री बाथरूमला धाडलं असतं का? नसतं.

तेव्हा आधी खाटा मोजा, मग ठराव करा. आम्ही उलटं केलं. आणि आगीची यंत्रणा एकदा बसवून भागत नाही. परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दर जानेवारी-जुलैत घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरा.

डायरीत सात नावं थांबलेली आहेत. रहिमतपूरच्या एक आजी दर सोमवारी फोन करतात, "खाट रिकामी झाली का?" ती कशी रिकामी होते हे दोघांनाही ठाऊक असतं. मी जेवण झालं का एवढंच विचारतो.