खर्रा घोटणारं पोरगं

"मॅडम, मी खर्रा घोटतो!"

चार वर्षांचं पोरगं. आणि खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी, चुना पन्नीत घोटून केलेलं मिश्रण! अंगणवाडीत टोपल्यांचा खेळ चालला होता. केळं, साबण, खोकल्याच्या औषधाची बाटली, बिस्किट. एकेक वस्तू उचलायची आणि ‘खायचं’ किंवा ‘आधी मोठ्यांना विचारायचं’ या टोपलीत टाकायची. यानं टोपल्या सोडल्या, रिकामी पन्नी घेतली, तीत माती भरली आणि तळव्यानं मांडीवर घासायला बसला. मधेच पन्नी उघडून बघायचा, झाला का म्हणून. हुबेहूब ठेलेवाला!

सगळे हसले. सेविकाताई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "याचे आजोबाच याला ठेल्यावर पाठवतात. मी काय शिकवू?"

१८ वर्षांखालच्याला तंबाखू विकायची नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच नाही, हा कायदा २००३ चा. कागदावर सगळं चोख. पण चार वर्षांच्या पोराला कायदा काय नि तंबाखूच्या पुडीवरचं कॅन्सरचं चित्र काय! त्याच्यासाठी आजोबा करतात ते बरोबरच असतं.

पुढच्या वेळी आजोबा मंडळींनाही टोपल्यांपुढे बसवू म्हणतेय. येतील का हो?