काकूचे वीस रुपये

रविवार, रात्री साडेअकरा

सकाळी उलव्याच्या मासळी बाजारात काकू दिसली. निवट्यांच्या वाट्यावर घासाघीस चालली होती तिची. मी हाक मारणार तेवढ्यात तिने मला पाहिलं. कोळणीच्या हातात पैसे कोंबले, पिशवी उचलली आणि पलीकडच्या गल्लीत शिरली. सुटे घ्यायलाही थांबली नाही. कोळणीने दहाच्या दोन नोटा माझ्यापुढे धरल्या, "तुमच्यातल्याच ना गो त्या?"

हो म्हणाले. नोटा घेतल्या. पाकिटात वेगळ्या ठेवल्यात.

दिवसभर तेच डोक्यात. त्यात काल रात्री गांगजोंगबद्दल वाचत जागले होते, म्हणूनही असेल. कोरियातल्या जेजू बेटावरचं गाव. २००७ साली तिथे नौदलाचा तळ करायचं ठरलं. गावसभेला होती जेमतेम ८७ माणसं, त्यांनी टाळ्या वाजवून होकार दिला. मग ऑगस्टमध्ये गावाने स्वतः मतदान घेतलं. मत द्यायला ७२५ जण आले, त्यातले ६८० विरोधात. तरी तळ झालाच. किनाऱ्याला गुरॉम्बी नावाचा सव्वा किलोमीटर लांब, एकसंध काळा खडक होता, त्यातून गोड्या पाण्याचे झरे फुटायचे. ७ मार्च २०१२ला त्याला सुरुंग लागले.

विमानतळासाठी उलव्याचा डोंगर फोडत होते तेव्हाचं आठवलं. आधी भोंगा, मग हादरा, मग मांडणीतली भांडी किणकिणायची आणि आई देवाच्या फोटोला हात लावून उभी राहायची. विमानतळ वेगळा आणि लष्करी तळ वेगळा, हे मला कळतं. दिपू तर आता तिथेच कामाला जातो. त्याबद्दल आज नको.

डोंगर गेल्याचं दुःख मला कळतं. काकूने वाट का बदलावी, ते कळत नाही.

गांगजोंगमध्येही हेच झालं. तळ हवा म्हणणारे एका दुकानात जायला लागले, नको म्हणणारे दुसऱ्या. सख्खे भाऊ पितरांच्या पूजेला एकमेकांकडे जाईनात. हे वाचलं आणि फोन उलटा ठेवला. आमच्याकडे काकांनी संमतीच्या कागदावर आधी सही केली, आप्पा शेवटपर्यंत अडून राहिले. त्या वर्षी गणपती दोन झाले. आजोबांचा सागवानी पाट काकांकडे गेला. आमचा गणपती बसला प्लास्टिकच्या टेबलावर, वर चादर टाकून.

आणि शिक्षा मला? मी कॉलेजात होते. सही माझी नव्हती, नकारही माझा नव्हता. लहानपणी खाडीत कालवं काढायला हाताला धरून न्यायची ती मला. चिखलात पाय कसा टाकायचा, तिनेच शिकवलं.

पण दोन गणपतींच्या त्या वर्षी तिने उकडीचे मोदक पाठवले होते. डबा न उघडता परत धाडला. आप्पांनी सांगितलं नव्हतं. मीच.

हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

गांगजोंगची माणसं रोज सकाळी तळाच्या फाटकासमोर शंभर वेळा गुडघे टेकून नमस्कार करायची. मग फाटकातच खुर्च्या टाकून प्रार्थना. ट्रक आला की पोलीस त्यांना खुर्चीसकट उचलून कडेला ठेवायचे. ट्रक आत गेला की ती माणसं आपापली खुर्ची उचलून पुन्हा जागेवर. ना शिवी, ना दगड. ज्या बेटावर १९४८ सालापासून सरकारी बंदुकांनी हजारो माणसं मारली, तिथली ही माणसं. २६ फेब्रुवारी २०१६ला तळाचं उद्घाटन झालं, त्यानंतरही सकाळचे नमस्कार चालू राहिले. तळ हलणार नाही हे त्यांना दिसत होतं. तरी गुडघे टेकायचेच.

माझं तर एवढंसं काम आहे. काका गेल्यापासून ती एकटीच राहते, तिसऱ्या मजल्यावर. उद्या ऑफिसातून येताना जाते. दार उघडलं नाही तर परवा जाईन, मग तेरवा. डब्याचं बोलायला तोंड उघडेल का, माहीत नाही. पैसे तरी देईन.

त्यातली एक नोट मधोमध फाटलीय. सकाळी रिक्षावाल्याकडून बदलून घेते.