अंगणातला हॅम्लेट

लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनची गाडी धरली ती 'फॅट हॅम' बघायलाच, म्हणजे शेक्सपिअरचंच 'हॅम्लेट', पण आजच्या अमेरिकेत घडणारं. 2025 च्या उन्हाळ्यात रॉयल शेक्सपिअर कंपनीने हे नाटक चक्क शेक्सपिअरच्या गावात लावलं होतं. जन्मघर बाहेरूनच पाहिलं. होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्याच्या थडग्याशी मात्र बराच वेळ थांबले. त्याचा मुलगा हॅम्नेट 1596 मध्ये याच गावात, अकराव्या वर्षी गेला. पुढे काही वर्षांतच 'हॅम्लेट' आलं.

नदीजवळच्या बागेत ब्राँझचा हॅम्लेट हातात कवटी घेऊन बसलाय. स्वान थिएटर तिथून जवळच. आत रंगमंच थेट प्रेक्षकांत शिरलेला, तिन्ही बाजूंनी खुर्च्या. नटाच्या कपाळावरचा घामही दिसतो.

नाटककार जेम्स आइम्स कृष्णवर्णीय, नॉर्थ कॅरोलायनातल्या बेसेमर सिटीचा. या नाटकाला 2022 चं पुलित्झर मिळालं. मूळ 'हॅम्लेट' डेन्मार्कच्या राजवाड्यात घडतं; इथलं डेन्मार्क म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाचं मागचं अंगण. तिथे बार्बेक्यू चाललंय, कारण जूसीच्या आईने, टेड्राने, नुकतंच दिराशी लग्न केलंय. जूसी हा हॅम्लेट: अंगाने जाड, स्वभावाने हळवा, समलिंगी, ऑनलाइन शिकणारा. त्याच्या फीचे पैसे बाथरूम नवं करण्यात गेले, हे आई त्याला सहज सांगून टाकते. राजवाडा नाही, सिंहासन नाही. फीचे पैसे गेले, एवढंच. मला ते राज्य हिरावण्याहून जास्त लागलं.

बापाचा तुरुंगात खून झालाय. त्याचं भूत येतं आणि फर्मावतं, काकाला मार. बाप आणि काका एकच नट करतो, त्यामुळे मुलाला छळणारे दोघे वेगळे उरतच नाहीत. मग जूसीचा मित्र टिओ त्याला सुनावतो: तुझा बाप तुरुंगात गेला, त्याचा बाप गेला, त्याचाही बाप गेला, आणि त्याच्या आधी काय होतं? गुलामगिरी.

इथे मला हॅम्लेट नव्याने उमगला. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला तो कचरतो, म्हणून आपण त्याला कचखाऊ म्हणत आलो. पण ज्या मुलाच्या घराण्यात हिंसाच वारशाने उतरलीय, त्याने हात न उचलणं म्हणजे कच खाणं कसं? हा प्रश्न विचारायला ती माणसं कृष्णवर्णीयच असावी लागतात. नुसते कपडे आणि रंग बदलून हे साधलं नसतं.

आपल्याकडे आगरकरांनी 'हॅम्लेट'चं भाषांतर डोंगरीच्या तुरुंगात केलं, 1883 मध्ये ते 'विकारविलसित' म्हणून आलं. टिओचं बोलणं ऐकताना तेच आठवत होतं.

शेवट मला पूर्ण पटला नाही. काका मांसाचा तुकडा घशात अडकून मरतो, म्हणजे जूसीचा पेच आयताच सुटतो. पण त्यानंतर उरलेली पात्रं आपसांत विचारतात, शोकांतिका आहे म्हणून आपण मरायलाच हवं का? आणि मरत नाहीत. सैन्यातला लॅरी, म्हणजे मूळ नाटकात हॅम्लेटशी द्वंद्व करणारा लेअर्टीस, चमचमत्या पोशाखात येतो आणि सगळे नाचू लागतात. माझ्या शेजारच्या आजी खुर्चीतल्या खुर्चीत ठेका धरत होत्या. बाहेर पडल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, शेक्सपिअरला हे आवडलं असतं. आजोबांना ते मुळीच मान्य नव्हतं. मी आजींच्या बाजूने.