मधे कोणीच नव्हतं

प्लेट रीडरचा, म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या पेशींची मिळून चमक मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख अगदी स्वच्छ होता. टीएमजी हे रसायन वाढवत नेलं तशी ई. कोलाय जिवाणूंची हिरवी चमक सावकाश चढत गेलेली. गटातल्या एकाने त्यावर चाळीसेक स्थिरांकांचं मॉडेल चपखल बसवलंही होतं. एवढे स्थिरांक हाताशी असले की कुठलाही वक्र बसतो, आणि समजत काहीच नाही.

माझी समीकरणं दोनच. टीएमजी दुधातल्या लॅक्टोज साखरेसारखंच, पण जिवाणूला ते पचत नाही. पर्मिएज हे प्रथिन ते पेशीत ओढतं. ते आत आलं की लॅक्टोज वापरायला लागणाऱ्या लॅक जनुकांना अडवणारा रिप्रेसर सुटतो आणि आणखी पर्मिएज तयार होतं. एक समीकरण आतल्या टीएमजीचं, दुसरं पर्मिएजचं. टीएमजीच्या मधल्या प्रमाणात दोन्ही वक्र तीनदा छेदतात आणि मधला छेद अस्थिर असतो. म्हणजे अर्धवट उजळलेली पेशी टिकूच शकत नाही. ती विझलेली असेल नाहीतर पूर्ण पेटलेली, आणि कुठली ते तिच्या पूर्वस्थितीवर ठरेल. नोविक आणि वाइनर या शास्त्रज्ञांनी हे १९५७ सालीच दाखवलं होतं, तरी बैठकीत मला ऐकावं लागलं, "बाकीची जनुकं कुठायत?"

मैत्रिणीने जिवाणूंची दोन कल्चर लावली, एक भरपूर टीएमजीत, एक टीएमजीशिवाय. मग दोन्ही धुऊन एकाच मधल्या प्रमाणात टाकली. इथे घाई चालत नाही. लॅक जनुकं चालू झाली की तयार होणारं हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, सहसा मोडत नाही, पेशी विभागल्या की तेवढं विरळ होतं. म्हणून कल्चर पुन्हा पुन्हा पातळ करत कित्येक पिढ्या वाढवत ठेवावं लागतं, नाहीतर जुनी चमकच मोजली जाते. तिच्यासारखं चिकाटीने हे करणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही.

एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या सायटोमीटरच्या पडद्यावर टीएमजीशिवाय वाढलेल्या फ्लास्कचा उंचवटा डावीकडे, विझलेल्यांत, दुसऱ्याचा उजवीकडे, पेटलेल्यांत. माध्यम तेच, तापमान तेच. किंचित जास्त टीएमजीच्या नमुन्यात तर दोन उंचवटे, आणि प्लेट रीडरची सरासरी नेमकी त्यांच्यामधल्या ओसाड जागेत.

"अगं, मधे तर कोणीच नाहीये!" ती म्हणाली.

पण विझलेल्या फ्लास्कातही उजवीकडे मूठभर पेशी होत्या. शेजारणींसारख्याच वाढलेल्या असून त्याच का पेटल्या? रिप्रेसर डीएनएवरून कधीतरी पूर्ण निसटला, तर पर्मिएजचा मोठा लोंढा येतो, हे २००८ मध्ये एकेका पेशीत पाहिलं गेलंय. माझ्या समीकरणांत असा योगायोग नाही. वरिष्ठ म्हणतात, आता तरी मॉडेल मोठं कर. मला फक्त हे निसटणं जोडायचंय. तेवढ्यानेच त्या मूठभर पेशींचं प्रमाण जुळतं का, ते आधी बघायचंय.