को-की!

काल रात्री दीड वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर आलोय, एल युंकेच्या पावसाळी जंगलाला खेटून खोली घेतली, आणि खिडकीबाहेर शेकडो शिट्ट्या. को-की, को-की, को-की. मला आधी पक्षी वाटले, मग कुणाचा तरी अलार्म. मालकीणबाई हसत म्हणाल्या, बेडूक आहे, कोकी!

आज संध्याकाळी टॉर्च घेऊन शोधायला गेलो. आवाजावरून निदान कोंबडीएवढा असेल असं वाटलेलं. अर्ध्या तासाने एका पानावर दिसला: लिंबाएवढा, मातकट तपकिरी, बोटांच्या टोकांना चपटी गोल गादी. बोटांमध्ये पडदा नाहीच. ओरडताना गळा फुग्यासारखा फुगवतो, पार अंगाएवढा! ओरडतो फक्त नर. त्यातला ‘को’ दुसऱ्या नरांना दम द्यायला, ‘की’ मादीला बोलवायला. एकाच हाकेत भांडण आणि लग्नाची बोलणी, आपल्याकडे दोन बैठका लागतात.

शाळेत बेडूकमाशाचं चित्र काढून मार्क मिळवले होते, ते इथे बाद. कोकीला डबकं लागतच नाही. मादी गुंडाळलेल्या वाळक्या पानात अंडी घालते, बाप त्यांच्यावर बसून ओल टिकवतो, आणि आतून थेट नखाएवढे बेडूक बाहेर. सह्याद्रीतल्या झुडपी बेडकांचंही असंच असतं, हे मला इतक्या लांब येऊन कळावं!

हाच कोकी कुंड्यांतल्या रोपांबरोबर हवाईला पोचला, तिथे लोक त्याला हाकलायच्या मागे आहेत. इथे मात्र टी-शर्टवर, मगवर, भिंतींवर तोच.

सुरू झाले परत. कापूस आणलाय, पण घालवत नाहीये कानात.