दिवाळीत गळले ते श्रावणात सुटले होते

जिन्यात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, आताशा मला एकच प्रश्न येतो. आधी वजनाची चौकशी होते, मग आवाज खाली येतो. "काकू, त्या इंजेक्शनने तुमचे केस गळले म्हणे. परत आले का?" परवा खालच्या मजल्यावरच्या सुनेने विचारलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. तिच्यासाठी, आणि तुम्ही सगळ्याजणी विचारता म्हणून, एकदा नीट लिहून काढते.

हो, गळले. खूप गळले. आणि परत येताहेत, औषध चालू असताना.

माझं औषध टिर्झेपटाइड, साखर आणि वजन उतरवणारं इंजेक्शन. मौंजारो या नावाने ते मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. मला तेरा वर्षांची साखर, एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ८.६, वजन ९१ किलो आणि जिना उतरताना दोन्ही गुडघे धरावे लागत. त्या वर्षी आषाढी एकादशीच्या आठवड्यात डॉक्टरांनी अडीच मिलिग्रॅमवर सुरुवात केली, आठवड्यातून एकदा. चार आठवड्यांनी पाच.

भूक गेली. दोन घासांत पोट भरायचं, फोडणीचा वाससुद्धा नको व्हायचा. त्यातच श्रावण लागला. माझे सोमवार आणि शनिवार लग्नाआधीपासूनचे. एरवी आमच्याकडे उपासालाही दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, दही असं पोटभर असतं. त्या श्रावणात अर्धी वाटी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की मी दिवसभर मोकळी. उपास नसेल त्या दिवशी अर्धी पोळी आणि वरणाचं वरचं पाणी. वजन भराभर उतरत होतं, घरात कौतुक चाललं होतं, आणि मलाही फार आनंद होत होता. आपण उपाशी आहोत हे मला कळलंच नाही, कारण भूक लागत नव्हती.

मग नरक चतुर्दशीची पहाट. डोक्याला तेल, अंगाला उटणं लावून न्हायला बसले. तीन-चार तांबे डोक्यावर घेतले आणि बघते तर पाणी मोरीत तुंबलेलं. जाळीवरचा पुंजका उचलला, तो मूठभर होता. पुन्हा केसांतून हात फिरवला, पुन्हा तेवढेच आले. ओले केस बोटांना असे चिकटून बसले की झटकले तरी सुटेनात. बाहेर कारीट फोडायला सगळे माझी वाट बघत होते. मी नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

त्या दिवाळीत पहिल्यांदाच माझा अंबाडा दोन आकड्यांत बसला. एरवी पाच लागायचे.

लोक बोलले. एक नातेवाईक म्हणाल्या, "असा सोपा मार्ग धरला की अंगावर निघतंच." हे वाक्य मला केसांपेक्षा जास्त लागलं. तेरा वर्षं गोळ्या, चालणं, मेथीदाणे, कारल्याचा रस, सगळं करून झालेल्या बाईला कुणी असं बोलू नये. तुमच्या घरात कुणी हे औषध घेत असेल तर कृपा करून हे बोलू नका.

त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे गेले ती इंजेक्शन बंद करायचं ठरवूनच. त्यांनी पन्नास-साठ केसांची बट दोन बोटांत धरून हलकेच ओढली. हातात दहा-बारा आले. त्यातला एक त्यांनी भिंगाखाली धरून मला दाखवला. टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढाही नाही असा गोळा. मी म्हटलं, मुळासकट आला. त्या म्हणाल्या, "हे मूळ नाही. मूळ आत शाबूत आहे. हा केस कधीच वाढायचा थांबलेला होता."

मग त्यांनी जे समजावलं ते मला सुरुवातीलाच कुणी सांगायला हवं होतं. आपल्या डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस वाढीला लागलेले असतात, उरलेले विश्रांतीत. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता जागेवर बसून राहतो, आणि मग गळतो. रोज ५० ते १०० केस गळतात ते हेच. पण शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे जोराचा ताप, मोठं ऑपरेशन, बाळंतपण किंवा अन्न एकदम तुटणं, की वाढीतले कितीतरी केस एकाच वेळी विश्रांतीला जातात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी ते सगळे एकत्र गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. हे नाव १९६१ साली अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी दिलं.

ऐकताना मला माझी आजी आठवली. ती म्हणायची, बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस गळतात. बाळ ओळखून हसतं ते तिसऱ्या महिन्याच्या आसपास. आजीचं कारण चुकीचं होतं, हिशेब अगदी बरोबर होता.

मी तिथेच बोटांवर महिने मोजले. दिवाळीत गळलेले केस श्रावणातच वाढीतून सुटले होते.

म्हणून त्या दिवाळीत इंजेक्शन थांबवून ते केस वाचणार नव्हते. वजन भराभर उतरलं की औषधाविनाही हे होतं. पोटाचं ऑपरेशन करून वजन कमी केलेल्यांना होतं, कडक डाएट करणाऱ्यांनाही होतं. वजनासाठीच्या टिर्झेपटाइडच्या चाचण्यांत केस गळाल्याचं सुमारे ७ टक्के बायकांनी सांगितलं, पुरुषांनी १ टक्क्याहूनही कमी. सेमाग्लुटाइड या तशाच दुसऱ्या इंजेक्शनमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत-बाहेर होतं, ज्यांचं वजन जास्त उतरलं त्यांच्यात अधिक, आणि बहुतेकांचं औषध चालू असतानाच थांबलं. हा शेवटचा भाग मी दोनदा वाचला. तुम्हीही वाचा, आणि बंद करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून करा. माझी एचबीए१सी आज ६.३ आहे. मी ती केसांसाठी घालवणार नव्हते.

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ११.८ म्हणजे फार वाईट नाही, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त १४. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. साखरेच्या डॉक्टरांनी पुढचा डोस न वाढवता पाचवरच ठेवला. जेवणाची गोष्ट मात्र मला स्वतःलाच बसवावी लागली. डॉक्टरांनी दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं सांगितली. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम असतात, मग भूक नसलेल्या पोटात हे बसवायचं कसं? मी ताटाचा क्रम बदलला. आधी उसळ किंवा पनीर, जागा उरली तर पोळी, भात सगळ्यात शेवटी. सकाळी मूगडाळीचं धिरडं आणि दही. संध्याकाळी सोयाबीनच्या वड्या. सोमवार अजून करते, पण दही, दाणे आणि पनीर पोटभर खाऊन. शनिवार सोडला. सासूबाई म्हणाल्या, "देवाला चालेल, तू जेव." त्यांचे हे शब्द मला फार मोलाचे आहेत.

तेलांवर मी दोनेक हजार घालवले, ते वाया गेले. बायोटिनच्या गोळ्यांचं मात्र जपून. बायोटिन जास्त असलं तर थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, ते काही दिवस थांबवायला सांगतील.

आणि सगळंच गळणं असं आपोआप थांबणारं नसतं. गोल चाई पडली, भांग रुंद होत चालला, टाळूला खाज किंवा लाली आली, किंवा सहा महिने उलटूनही केस जातच राहिले, तर त्याचं कारण वेगळं असू शकतं. तेव्हा घरी वाट बघू नका.

माझं गळणं डिसेंबरात सगळ्यात जास्त होतं. फेब्रुवारीत जाळी जवळजवळ मोकळी दिसायला लागली. गुढीपाडव्याला भांग पाडताना कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे उभे केस दिसले. तेल लावलं तरी बसेनात, कंगव्याखालून लगेच वर. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे अंबाड्यात यायला त्यांना काही वर्षं लागतील. सध्या तीन आकडे लागतात.

खालच्या सुनेला मी विचारलं, इंजेक्शन सुरू करून किती आठवडे झाले गं? म्हणाली, अकरा. आज काय खाल्लंस? चहा आणि दोन बिस्किटं, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मटकीची उसळ डब्यात घालून तिच्या हातात दिली. डबा परत करायला येशील तेव्हा फेरिटिनचा रिपोर्ट घेऊन ये म्हटलंय.