चार टप्पे, दोन खाचा : आमची वाटचाल

आमचं मूळ काम दुरुस्तीचं. गणपती-नवरात्राच्या तोंडावर ऑर्केस्ट्रावाले कीबोर्ड, पेडल घेऊन यायचे. उद्या प्रोग्रॅम, आज काहीतरी करा! त्यात फेझर, म्हणजे आवाजाला घुमती लहर देणारं यंत्र, आला की मी खूश. सर्किट कसं सगळं उघड्यावर : ओळीनं चार ऑल-पास टप्पे, प्रत्येकात एक ऑप-अँप (अँप्लिफायरची चिप), एक कपॅसिटर, एक फेट (व्होल्टेजनं रोध बदलणारा ट्रान्झिस्टर).

ऑल-पास फिल्टर आवाज कापत नाही, फक्त त्याची लहर मागे सरकवतो, म्हणजे फेझ फिरवतो. १० किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड धरा, ३३९ हर्ट्झला ९० अंश. चार टप्प्यांतून आलेला आवाज मूळ आवाजात समसमान मिसळला, की जिथे फरक १८० आणि ५४० अंशांचा तिथे दोघं एकमेकांना खातात. १४० आणि ८१८ हर्ट्झच्या आसपास दोन खाचा पडतात. फेटचा रोध हलवला की त्या सरकतात.

'मूग कंपनीच्या सिंथेसायझरमधल्या लॅडर फिल्टरमध्येही चारच टप्पे ना?' असं सिंथवाले हमखास विचारतात. चारच, पण तिथे कटऑफला, म्हणजे फिल्टर जिथून आवाज कापायला लागतो तिथे, प्रत्येक टप्पा ४५ अंश फिरवतो आणि आवाज ०.७ पट करतो. चार मिळून १८० अंश, आवाज पाव. तो उलटा करून चौपट परत दिला, की फिल्टर आपणहून गायला लागतो.

स्वतःचा फेझर मॉड्यूल काढायचं ठरलं तेव्हा नाकी नऊ आणले ते फेटनी. एकाच पाकिटातले दोन फेट सारखे निघतील तर शपथ. एका पुरवठादारानं तर जुना नंबर घासून नवा छापलेला माल गळ्यात मारला. तेव्हापासून पुण्यात पासोड्या विठोबापाशीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेतलेला असो की बाहेरून मागवलेला, प्रत्येक फेट आम्ही मोजतो : गेट ग्राउंडला, सोर्सखाली १ मेगओहम, मीटरवर व्होल्टेज, आणि आकडा चिकटपट्टीवर. हे काम पत्नी बघते. तिच्या डब्यांतल्या चौकडीत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक सापडत नाही. न जुळणारे फेट घातले तर एखादा टप्पा आधीच थांबतो, बाकीचे फिरत राहतात, आणि स्वीप, म्हणजे खाचांचं सरकणं, अडखळतो.

एलएम१३७०० (फेटच्या जागी चालणारी चिप) वापरा, मोजणी वाचेल, असं अनेकांनी सुचवलं. बरोबरच आहे. पण फेटचा किंचित खरखरीत आवाज मला त्यात मिळत नाही, आणि आमचं गिऱ्हाईक त्यासाठीच येतं. सहा टप्प्यांचा, तीन खाचांचा नमुना टेबलावर आहे. त्याची सूं आटोक्यात आल्याशिवाय विक्रीला काढणार नाही.